निनावी रेडिओची कुळकथा

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने रेडिओवर लेख लिहिलेला पाहून शास्त्र शाखेचे मित्र हसतील, आणि आमचे प्राध्यापक कदाचित विचारतील की यात इतिहास तो कोठे आहे? दोघांनाही एवढीच विनंती, की लेख संपेपर्यंत थोडा धीर धरावा. ज्याच्यावर नाव नाही, सन नाही, शिक्का नाही असा एखादा जुना कागद हाती आला म्हणजे इतिहासाचा अभ्यासक जे करतो, तेच आम्हांला एका जुन्या रेडिओच्या बाबतीत करावे लागले. त्याची ही हकीकत, आणि त्यानिमित्ताने शिकलेल्या चार गोष्टी.

आमच्या घरी माळ्यावर एक रेडिओ होता. सागवानी पेटी, पुढे काचेची लांबट डायल, डायलखाली चार बटने आणि एका बाजूला विटकरी रंगाचे जाळीदार कापड. घरात सगळे त्याला ‘पंधरा ऑगस्टचा रेडिओ’ म्हणत. पणजोबांनी तो स्वातंत्र्याच्या आधी घेतला, आणि १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री पंडित नेहरूंचे भाषण सगळ्या आळीने याच रेडिओवर ऐकले, अशी आमच्याकडची परंपरागत कथा. शाळेत असताना ‘आमच्या घरातील एक ऐतिहासिक वस्तू’ या विषयावर निबंध लिहून मी त्यावर बक्षीसही मिळवले आहे.

गेल्या दिवाळीत घर दुरुस्तीला काढायचे ठरले आणि रेडिओ खाली आला. ‘भंगारात देऊन टाका,’ असे एक मत पडले. ‘एवढी ऐतिहासिक वस्तू भंगारात?’ असे दुसरे. त्यातच कोणी तरी विचारले, ‘पण कंपनी कोणती?’ आणि तेव्हा प्रथमच सर्वांच्या ध्यानात आले, की या रेडिओवर नाव असे कोठेच नाही. समोर नाही, मागे नाही, तळाशी नाही. नाव नाही तर वय कसे कळणार? आणि वय कळले नाही तर पंधरा ऑगस्टच्या कथेला आधार कोणता?

‘निदान लागतो का ते तरी पाहू,’ असे म्हणून मी प्लग खोचला. पहिले अर्धे मिनिट काहीच झाले नाही. मग एक घुमणारा आवाज, मग जळका वास, मग मागच्या फळीच्या भोकांतून धूर, आणि घरातले दिवे गेले. आमच्या संशोधनाचा प्रारंभ हा असा झाला.

आधी हात आवरा

आमच्या गावात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. रिक्षातून रेडिओ त्यांच्याकडे नेला. झाला प्रकार ऐकून ते म्हणाले, “बाळ, सहा महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाला कोणी एकदम पळायला लावतं का? आणि हा तर तीस-चाळीस वर्षं झोपलेला.”

मग त्यांनी कारण समजावून सांगितले. व्हॉल्व्हच्या रेडिओत विजेचा प्रवाह सपाट करण्यासाठी मोठे कंडेन्सर असतात. त्यांच्या आतील रसायनाचा पातळ थर वर्षानुवर्षे वीज न मिळाल्याने खराब होतो. कागदी कंडेन्सर ओल शोषून गळके होतात. तारांवरचे जुने रबर बिस्किटासारखे तुटते. अशा अवस्थेत एकदम वीज सोडली की व्हॉल्व्ह आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकतात, आणि एकदा जळालेला जुना ट्रान्सफॉर्मर तसाच पुन्हा मिळणे कठीण.

याहून गंभीर धोका माणसाला. काही रेडिओ एसी आणि डीसी अशा दोन्ही प्रवाहांवर चालावेत असे बनवलेले असत. त्यांत वीज अलग करणारा ट्रान्सफॉर्मर नसतो. घरातील विजेची एक तार सरळ आतील पत्र्याच्या सांगाड्याला, म्हणजे चॅसिसला, जोडलेली असते. अशा चॅसिसला हात लागणे म्हणजे जिवाशी खेळ. प्लग काढल्यावरसुद्धा कंडेन्सरमध्ये वीज काही काळ साठून राहते. तेव्हा नियम पहिला: ओळख पटेपर्यंत वीज लावायची नाही, आणि आतील काम जाणकारानेच करायचे.

नियम दुसराही तितकाच महत्त्वाचा: पुसायचे नाही. मी ओले फडके घेऊन डायलकडे वळताच काका ओरडले, “हात नको लावू!” डायलवरची अक्षरे काचेच्या मागच्या बाजूने रंगवलेली असतात आणि ओल्या फडक्याबरोबर ती निघून येतात. व्हॉल्व्हच्या काचेवर छापलेले क्रमांकही बोटाने घासले तरी पुसट होतात. जुन्या कागदावरची धूळ झटकताना शाईच जावी, तसलाच हा प्रकार. म्हणून प्रथम छायाचित्रे काढायची, दिसेल ते वहीत जसेच्या तसे उतरून घ्यायचे, आणि मगच अनुमानाला लागायचे.

नाव का नसते?

आमची सर्वसाधारण समजूत अशी, की नाव नाही म्हणजे नावाची पट्टी पडली असणार. बहुतेक वेळा ते खरेच असते. पट्टी पडली तरी तिची दोन बारीक भोके किंवा पॉलिशवर तिच्या आकाराची फिकट खूण उरते. ती आधी शोधावी.

परंतु मुळातच नाव नसलेले रेडिओही असतात. याचे प्रसिद्ध उदाहरण इंग्लंडमधील आहे. दुसऱ्या महायुद्धात तेथील रेडिओ कारखाने लष्करी कामाला जुंपले गेले होते आणि सामान्य नागरिकाला नवा रेडिओ मिळणे दुरापास्त झाले होते. म्हणून १९४४ मध्ये सरकारने एकच साधा आराखडा ठरवला आणि सुमारे चाळीस कंपन्यांकडून त्याच बरहुकूम रेडिओ बनवून घेतले. पेटी साधी, लहरींचा पट्टा एकच, मध्यम लहरींचा, आणि पेटीवर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. आत ‘यू’ हे अक्षर आणि त्यापुढे एक आकडा एवढीच खूण. त्या आकड्यावरून कारखाना ओळखायचा. आज असा रेडिओ एखाद्याच्या हाती आला तर तो पडलेली पट्टी शोधत बसेल. तेथे निनावीपण हीच ओळख आहे, हे ठाऊक असल्याशिवाय कोडे सुटायचे नाही.

कधी याच्या उलट घडते. नाव असते, पण ते आकड्यांत लपलेले असते. जर्मनीत १९३३ मध्ये लोकांसाठी स्वस्त म्हणून ७६ मार्कांना एक रेडिओ विक्रीस आला. त्याचा क्रमांक होता ‘व्हीई ३०१’. ‘व्हीई’ म्हणजे लोकांचा रेडिओ, आणि ३०१ म्हणजे ३० तारीख, पहिला महिना. ३० जानेवारी १९३३ या दिवशी हिटलर जर्मनीचा चॅन्सेलर झाला. म्हणजे ज्याला आपण निर्जीव मॉडेल नंबर समजू, त्यात एका राजवटीने आपली जन्मतारीख कोरून ठेवली होती. तेव्हा आकडा दिसला की तो उतरून घ्यावा. अर्थ मागाहून लागतो.

डायल: काचेवरचा नकाशा

नाव सापडले नाही तर पुढचा साक्षीदार डायल. डायल हा त्या काळाचा एक नकाशाच असतो.

पहिला प्रश्न: लहरींचे पट्टे कोणते? युरोपातील घरांसाठी बनवलेल्या रेडिओवर बहुधा लाँग वेव्हचा पट्टा असतो, कारण तेथे त्या लहरींवर मोठी केंद्रे होती. आपल्याकडे लाँग वेव्हवर कार्यक्रम नव्हते. त्यामुळे लाँग वेव्ह नाही, मीडियम वेव्ह आहे आणि शॉर्ट वेव्हचे दोन-तीन किंवा अधिक पट्टे आहेत, अशी डायल दिसली तर तो रेडिओ आपल्यासारख्या उष्ण कटिबंधातील देशांसाठी बनला असण्याचा संभव मोठा. एफ.एम.चा पट्टा ७६ पासून ९० पर्यंत असेल तर तो जपानच्या बाजारपेठेसाठी, कारण तेथील एफ.एम. त्या मर्यादेत होते.

दुसरा प्रश्न: मापे कोणती? जुन्या डायलवर मीटर किंवा ‘किलोसायकल’ असते. ‘हर्ट्झ’ हे एकक आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत १९६० मध्ये आले आणि डायलवर रुळायला आणखी काही वर्षे गेली. केवळ किलोसायकल असेल तर रेडिओ साधारणपणे त्या बदलाच्या आधीच्या पिढीतला.

तिसरा प्रश्न: नावे कोणती? येथे भूगोलाच्या आणि राज्यशास्त्राच्या मित्रांची मदत घ्यावी. काँगोची राजधानी १९६६ पर्यंत लिओपोल्डव्हिल होती, मग किन्शासा झाली. मोझांबिकमधील लोरेन्सो मार्क्सचे १९७६ मध्ये मापुतो झाले. इंग्लंडच्या डायलवर ‘लाइट’ असा शब्द दिसला तर तो बी.बी.सी.चा लाइट प्रोग्रॅम; तो १९४५ मध्ये सुरू झाला आणि १९६७ मध्ये ते नाव गेले. आपल्याकडे मुंबईचे केंद्र १९२७ चे, पण नागपूर केंद्र १९४८ चे आणि पुण्याचे १९५३ चे. म्हणून डायलवर पुणे छापलेले असेल तर ती काच त्याआधीची असणे कठीण.

कधी एखादी इवलीशी खूण सर्वांत बोलकी ठरते. काही अमेरिकन रेडिओंच्या डायलवर ६४० आणि १२४० किलोसायकलपाशी दोन लहान त्रिकोण असतात. शीतयुद्धाच्या काळात शत्रूच्या विमानांना एखाद्या केंद्राच्या लहरींचा माग धरून शहरावर चालून येता येऊ नये, म्हणून हल्ल्याच्या वेळी नेहमीची केंद्रे बंद करायची आणि सूचना फक्त या दोन ठिकाणी द्यायच्या, अशी योजना होती. १९५३ ते १९६३ या काळात तेथे विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर ही खूण सक्तीची होती. दोन त्रिकोण दिसले की दहा वर्षांची चौकट हाती आली.

फळीमागचा कारभार

प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून काकांनी मागची फळी काढली. आत धूळ, कोळ्याची जाळी, आणि मधे काचेचे पाच व्हॉल्व्ह. “आता हे वाच,” म्हणाले.

व्हॉल्व्हवरची अक्षरे म्हणजे मला गूढ मंत्र वाटत होते. ती एक सरळ भाषा निघाली. युरोपात १९३४ पासून रूढ झालेल्या पद्धतीत पहिले अक्षर व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेविषयी सांगते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्ट. ‘डी’ म्हणजे १.४ व्होल्ट, अर्थात बॅटरीचा रेडिओ. ‘यू’ म्हणजे सर्व व्हॉल्व्ह एका माळेत जोडलेला एसी-डीसी रेडिओ, म्हणजेच मघाशी सांगितलेला चॅसिसचा धोका. एका अक्षरावरून जीव वाचू शकतो तो असा. पुढची अक्षरे व्हॉल्व्हचे काम सांगतात: ‘एफ’ पेंटोड, ‘एल’ स्पीकरला जोर देणारा, ‘झेड’ एसीचे डीसी करणारा, ‘एम’ म्हणजे केंद्र नेमके लागले की मिटणारा हिरवा डोळा. आणि आकडा सांगतो बैठक. तिशीतला आकडा म्हणजे आठ पायांची जाड बुडाची बैठक, चाळिशीतला म्हणजे युद्धानंतरची आठ पायांची काचेची, ऐंशीतला म्हणजे नऊ पायांची लहान काचेची, जी १९५० च्या सुमारास आली आणि पुढे सर्वत्र पसरली.

अमेरिकन पद्धत वेगळी. तिच्यात आकडा आधी येतो आणि तो साधारण व्होल्ट दाखवतो. ‘६ व्ही ६’ मधील सहा म्हणजे ६.३ व्होल्ट, ‘५ वाय ३’ मधील पाच म्हणजे पाच. अर्थात अमेरिकन पद्धतीचे व्हॉल्व्ह म्हणजे अमेरिकन रेडिओ, असे समीकरण मांडू नये. असे व्हॉल्व्ह इतर देशांतही बनत आणि वापरले जात.

आमच्या रेडिओत पुढील पाच निघाले: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४ आणि ईझेड ८०. पाचही ऐंशीतले.

माझ्या पोटात गोळा आला. नऊ पायांचे व्हॉल्व्ह १९४७ च्या रेडिओत कसे? मी एक पळवाट शोधली. “काका, व्हॉल्व्ह नंतर बदलले असतील.”

“शाबास,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह बदलतातच. म्हणून व्हॉल्व्हवर जायचं नाही, सॉकेटवर जायचं.”

हा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. व्हॉल्व्ह हे पोथीच्या सुट्या पानासारखे असते. गेले की दुसरे घालतात. पण ज्यात ते बसते ते सॉकेट चॅसिसच्या पत्र्याला पक्के जोडलेले असते, आणि पत्र्याचे भोक त्याच्याच मापाचे पाडलेले असते. आठ पायांच्या मोठ्या बैठकीच्या जागी नऊ पायांची लहान बैठक बसवायची तर मोठ्या भोकावर चकती जोडावी लागते, आणि ती दिसते. आमच्या चॅसिसवर अशी एकही चकती नव्हती. पाचही भोके पहिल्यापासून लहान होती.

इतिहासात हाच नियम आहे. शिवकालीन म्हणवणाऱ्या पत्रात पुढच्या काळातले एखादे पदनाम मूळच्याच शाईत आले, तर ते पत्र शिवकालीन नव्हे. वस्तूचा जो मूळचा भाग सर्वांत अलीकडचा, त्याच्या आधीची ती वस्तू असू शकत नाही. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून अस्सल कागद का शोधले, हे आम्ही वर्गात शिकलो होतो. अस्सल आणि मागाहूनचे वेगळे कसे करायचे, ते मला एका पत्र्याच्या भोकाने शिकवले.

साक्षीदार फसवतो तेव्हा

मात्र एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये. याची दोन उदाहरणे सांगण्याजोगी आहेत.

लष्करी सामानाच्या जुन्या बाजारात एक जड हिरवा संच कधी कधी दिसतो. त्याच्या पुढच्या पत्र्यावर इंग्रजीबरोबर रशियन लिपीत शब्द आहेत. पाहणारा म्हणेल, हा रशियन. प्रत्यक्षात तो ‘वायरलेस सेट नंबर १९’. महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी केंब्रिजच्या पाय कंपनीने त्याचा आराखडा केला, आणि पुढे कॅनडात व अमेरिकेतही तो बनवला गेला. युद्धात सोव्हिएत रशियाला मदत म्हणून जे सामान पाठवले गेले त्यात हा संच होता, म्हणून पत्र्यावर दोन भाषा. लिपी रशियन, आराखडा इंग्रजी, कारखाना अटलांटिकपलीकडचा! लिपी वापरणाऱ्याची भाषा सांगते, बनवणाऱ्याचा देश नव्हे.

दुसरे उदाहरण ‘बीसी २२१’ या अमेरिकन लष्करी पेटीचे. डायल आहे, व्हॉल्व्ह आहेत, हेडफोन लावायची सोय आहे, पण कितीही फिरवले तरी गाणे लागायचे नाही, कारण तो रेडिओच नव्हे. लहरींची वारंवारता मोजण्याचे ते उपकरण आहे. प्रत्येक पेटीबरोबर तिचे स्वतःचे आकड्यांचे पुस्तक असे आणि पेटीचा क्रमांक पुस्तकावर छापलेला असे. डायलचा आकडा पुस्तकात पाहिल्याशिवाय मोजमाप लागत नाही, आणि दुसऱ्या पेटीचे पुस्तक चालत नाही. पुस्तक रद्दीत गेले की पेटी जवळजवळ मुकी झाली. जुन्या यंत्राबरोबरचा कागद टाकून देऊ नये तो यासाठी.

आमच्या रेडिओचा निकाल

आता आमच्या रेडिओकडे वळू. काळ ठरला होता: १९५० च्या आधीचा नव्हे. डायलवर रोमन लिपीत मुंबई, दिल्ली, कोलंबो यांच्याबरोबर नागपूर आणि पुणेही होते. म्हणजे १९५३ किंवा त्यानंतरचा. लाँग वेव्ह नव्हता, म्हणजे आपल्याकडचा. ‘यू’ व्हॉल्व्ह नव्हते, ट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे एसीवर चालणारा. पण बनवणारा कोण?

काकांनी चॅसिस उलटा केला आणि हसले. “कंपनी कशाला शोधतेस? कंपनीच नाही.” त्यांनी एकेक दाखवायला सुरुवात केली. कारखान्याच्या चॅसिसवर क्रमांक ठोकलेला असतो, कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो त्याचा कागद चिकटवलेला असतो, भोके साच्याने पाडलेली असल्याने कडा एकसारख्या असतात. येथे क्रमांक नव्हता, कागद नव्हता, आणि भोकांच्या कडांवर कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. ट्रान्सफॉर्मर एका कंपनीचा, स्पीकर दुसऱ्या, कॉइल तिसऱ्या. पेटीच्या आतल्या बाजूस पेन्सिलीने इंच आणि सूत यांतली मापे लिहिलेली होती, म्हणजे पेटी सुताराने बेतून केलेली.

त्या काळी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या ठिकाणाहून सुटे भाग आणून रेडिओ जोडून देणारे कारागीर गावोगाव होते. कंपनीच्या रेडिओपेक्षा तो स्वस्त पडे. असा रेडिओ जन्मतःच निनावी. इंग्लंडच्या त्या युद्धकालीन रेडिओला सरकारी हुकमाने नाव नव्हते. याला नव्हते, कारण बनवणाऱ्याला आपले नाव घालावे असे वाटलेच नाही.

हे अनुमान झाले. इतिहासाला कागद हवा. म्हणून मी आमच्या आत्याआजीकडे गेले. त्या पणजोबांच्या कन्या, वय वर्षे शहाऐंशी. पूर्वी रेडिओला परवाना लागे. टपाल कचेरीत दरवर्षी पैसे भरून एका पुस्तकात तिकिटे लावून घ्यावी लागत. ही पद्धत १९८० च्या दशकात बंद झाली. ते पुस्तक असेल का, असे विचारताच त्यांनी पत्र्याची पेटी उघडली. पुस्तक होते. पहिली नोंद १९५७ ची. आणि बनावटीच्या रकान्यात इंग्रजीत एकच शब्द: ‘लोकल’.

मी चाचरत म्हटले, “आत्याआजी, मग पंधरा ऑगस्टचं भाषण या रेडिओवर नाही ऐकलंत तुम्ही.”

“अगं, याच्यावर कसं ऐकणार? हा आला तेव्हा मी मॅट्रिकला होते. भाषण ऐकलं ते समोरच्या वाड्यात. माणसं रस्त्यापर्यंत उभी. दादांनी मला खांद्यावर घेतलं होतं, तरी रेडिओ काही दिसला नाही, नुसता आवाज. आणि भाषण इंग्रजीत. मला झोप येत होती.”

“मग घरात सगळे इतकी वर्षं हाच रेडिओ म्हणतात, तुम्ही सांगितलं का नाही?”

“मला कोणी विचारलंच नाही,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी न विचारताच पुढचे सांगितले. रेडिओ जोडणारा तरुण सायकलवर हत्यारांची पिशवी लावून येई. आठ दिवस ओसरीवर बसून त्याने हा रेडिओ जोडला. पेटीचे लाकूड आमच्या जुन्या झोपाळ्याच्या फळीचे. पहिल्यांदा आवाज आला तेव्हा पणजोबांनी त्याला शिरा खाऊ घातला. यातले काहीही मी निबंधात लिहिले नव्हते, कारण यातले काहीही मला ठाऊक नव्हते.

निबंधाचे बक्षीस आता परत करायला हवे, हे मी मान्य करते. घरातल्या काही मंडळींना थोडे वाईटही वाटले. ‘पंधरा ऑगस्टचा रेडिओ’ म्हणण्यात जो रुबाब होता, तो ‘झोपाळ्याच्या फळीचा रेडिओ’ म्हणण्यात नाही. पण खरी गोष्ट हाती आली, आणि एका निनावी कारागिराचे आठ दिवसांचे काम आमच्या घरात आहे हेही कळले. भंगाराचा विषय मग कोणी काढला नाही. काकांनी जळालेले कंडेन्सर बदलायला घेतले आहेत. काढलेले जुने भाग एका डबीत घालून रेडिओबरोबरच ठेवायचे, अशी त्यांची अट आहे.

मागच्या फळीच्या आतल्या बाजूला आम्ही एक कागद लावला आहे. त्यावर दोन रकाने आहेत. ‘सिद्ध’ या रकान्यात: १९५३ ते १९५७ च्या दरम्यान जोडलेला, एसीवर चालणारा, पाच व्हॉल्व्हचा, स्थानिक बनावटीचा. ‘सांगण्यावरून’ या रकान्यात: सायकलवरून येणारा तरुण, झोपाळ्याची फळी, शिरा. दोन्ही रकाने जपायचे, पण एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे काही तरी पडलेले असेल. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी, आणि प्लग खोचण्यापूर्वीही, ते खाली घ्या. छायाचित्रे काढा, दिसेल तो आकडा उतरून घ्या, सोबतचा कागद टाकू नका. आणि घरातले जे सर्वांत वडील माणूस असेल त्याच्याजवळ बसून विचारा. व्हॉल्व्ह काय, पुढच्या वर्षीही वाचता येतील.